पानावरून उपाशी कोण उठले?

अन्नाला नावे ठेवू नयेत, हे आपल्याला कोणी पोथीतून शिकवले नाही. आईने शिकवले. भाजी अळणी झाली तर मीठ मागून घ्यायचे, पण ‘भाजी अळणी आहे’ असे तोंडाने म्हणायचे नाही, असा आमच्या घरी दंडक होता आणि बहुतेक माळकऱ्यांच्या घरी तो असतोच. पुढे कळले की तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाची निंदा न करणे हे चक्क व्रत म्हणून सांगितले आहे. आईने उपनिषद वाचलेले नव्हते. तिचे कारण साधे होते. जिने रांधले तिच्या कानावर ते पडते.

आज मी मनासारख्या न झालेल्या एका जेवणाविषयी लिहिणार आहे. नावे ठेवण्याचा हेतू नाही. पण ‘नावे ठेवू नका’ एवढ्याने प्रश्न मिटतही नाही. जेवण फसते तेव्हा नेमके कोणाचे काय बिघडते? जिभेचे, पोटाचे, पैशाचे, की आणखी कशाचे? परमार्थाच्या वाटेवरच्या माणसालाही दिवसातून दोनदा पानावर बसावे लागते, त्यामुळे हा प्रश्न त्याला चुकत नाही.

माझा मुलगा नोकरीनिमित्त टोकियोत असतो. शहराच्या पूर्वेला एदोगावा नावाचा भाग आहे. तिथे निशी-कसाई स्टेशनच्या आसपास पुष्कळ भारतीय कुटुंबे राहतात. डाळी, पीठ, मसाले सगळे मिळते. महिनाभर राहिलो, घरी वरणभात, पोळीभाजी, एकादशीला भगरसुद्धा झाली. काही अडले नाही. पण मुलाच्या मनात होते की बाबा एवढ्या लांब आले, तर इथले खरे जेवण त्यांना एकदा तरी घालावे. त्याने एक नामांकित उपाहारगृह शोधले, बरेच दिवस आधी जागा राखून ठेवली आणि ‘आमच्यात एकजण पूर्ण शाकाहारी आहेत’ असे कळवलेही.

जागा पाहत राहावी अशी होती. बिनारंगाचे लाकूड, कोनाड्यात एकच फूल, आवाज कुठेच नाही. जेवणाच्या या पद्धतीला काईसेकी म्हणतात. आपल्यासारखे पान एकदम वाढत नाहीत. एकेक पदार्थ एकेका भांड्यात, ऋतूप्रमाणे, एकामागून एक येतो. पहिल्यांदा तिळाचे वाटण आणि कुद्झू नावाच्या वेलीच्या मुळाचे सत्त्व यांची घोटून केलेली मऊ वडी आली. फार चांगली होती. मग काळ्या रोगणाचे झाकणाचे वाडगे आले. झाकण उघडले तर पाण्यासारखे नितळ सार, त्यात गाजराचे कोरलेले पान. वास आला आणि मी हात मागे घेतला. मुलाने वाढणाऱ्या बाईंना विचारले. त्या गुडघ्यावर बसल्या, ऐकून घेतले, आत जाऊन आल्या आणि मान खाली घालून म्हणाल्या की सारात मासा नाही, पण सार ज्या पाण्यात केले त्यात आहे.

हे थोडे समजून सांगायला हवे. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ नावाचे पाणी आहे. आपल्याकडे फोडणी, तशी तिथे दाशी. कोम्बु नावाची समुद्रातली वनस्पती पाण्यात मुरवतात आणि त्यात बहुधा कात्सुओ माशाचा कीस टाकून गाळून घेतात. हा मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कडक केलेला असतो आणि सुताराच्या रंध्यासारख्या हत्यारावर त्याचा कीस काढतात. पुढे भाजी शिजवायची ती त्या पाण्यात, मिसोचे सार त्या पाण्यात, अंड्याचा वाफवलेला पदार्थही त्याच पाण्यात. शिवाय बऱ्याच पदार्थांत मिरिन म्हणजे तांदळाची गोड दारू असते. सकाळी एकदा दाशी केली की रात्रीपर्यंतचे सगळे जेवण तिच्यावर चालते. म्हणून आमच्या पानापुरते बदलणे आता शक्य नाही, असे त्या बाईंनी सांगितले आणि पुन्हा पुन्हा क्षमा मागितली. मग माझ्यापुढे पांढरा भात, लोणच्याचे तीन तुकडे आणि शेवटी खरबुजाची एक फोड, एवढेच जेवण राहिले. भात उत्तम होता. दोन वाट्या खाल्ला.

मी उपाशी उठलो नाही. पण समोर मुलगा बसला होता, त्याच्या पुढ्यातले भांडे तसेच निवत होते. सूनबाई काही बोलत नव्हती. मुलगा एकदा म्हणाला, “बाबा, मी त्यांना नीट सांगितलं होतं हो.” नंतर तोही बोलला नाही.

अशा जेवणाविषयी पहिला विचार पैशाचा येतो. जेवढे बिल झाले तेवढ्यात आमच्या दिंडीचे एक वेळचे पिठले-भाकरीचे जेवण झाले असते, असा हिशेब माझ्या मनात होऊन गेला. हा हिशेब फार सोपा असतो, म्हणून मला तो आवडत नाही. दिंडीतल्या भाकरीचे मोल दाखवायला परक्या देशातले हॉटेल कशाला लागते? आणि त्यात एक चोरटा अहंकारही असतो: पाहा, आम्ही किती साधे. साधेपणा मिरवायला लागला की तोही दागिनाच.

दुसरा विचार जिभेचा. संतांनी रसना जिंकायला सांगितली आहे. खरे आहे, पण त्या रात्री जिंकण्यासारखे समोर काही नव्हतेच. जे खायचेच नाही ते न खाण्यात कसला जय? एकादशीची सवय असलेल्या माणसाला एक जेवण हुकल्याचे कौतुक सांगू नये.

राहिला तिसरा विचार, आणि तोच मला अजून सोडत नाही. देणाऱ्याचा भाव पूर्ण आहे, पण दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या व्रतात बसत नाही. तिथे घेणाऱ्याने काय करावे?

हे मी फडावरच्या एका जुन्या स्नेह्याला सांगितले तेव्हा तो चटकन म्हणाला, देव भावाचा भुकेला. विदुराघरची गोष्ट आपण कीर्तनात किती वेळा ऐकतो. विदुरपत्नी प्रेमाच्या भरात केळे टाकून देते आणि साल देवाच्या हातावर ठेवते, आणि देव ती साल आवडीने खातो. मग तुम्ही मुलाच्या प्रेमाखातर चार घोट सार घेतले असते तर पांडुरंग रागावला असता का?

पांडुरंग रागावला नसता, हे मलाही मान्य आहे. पण त्या गोष्टीत एक बारीक जागा आहे. साल खाण्याचा त्रास कोणाला झाला? खाणाऱ्याला. प्रेमाखातर आपण स्वतः कडू गिळावे, अळणी गिळावे, शिळे गिळावे, तिथे मर्यादा नाही. त्या वाडग्यातल्या साराची किंमत मात्र मी देणार नव्हतो, एका जिवाने ती आधीच दिलेली होती. गळ्यात माळ घालताना मासमच्छर सोडतो ते माझे तोंड शुद्ध राहावे म्हणून, असे पुष्कळांना वाटते. तेवढेच असते तर भावापुढे ते मोडायला हरकत नव्हती. तोंड धुता येते. पण आपल्या सगळ्या संतांनी भूतदया सांगितली आहे, आणि भूतदया म्हणजे पंगतीत जो बसलेला नाही त्याचाही विचार. मुलाचा भाव आणि माझे व्रत अशी ही लढाई नव्हतीच. समोर बसलेल्याविषयीचे प्रेम आणि समोर नसलेल्याविषयीची दया, असे दोन्हीकडे भावच होते. म्हणून तर निवाडा अवघड.

महाभारतातली दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. त्याच उद्योगपर्वात दुर्योधनाचे भरलेले ताट श्रीकृष्ण नाकारतो. दुसऱ्याचे अन्न प्रेमापोटी घ्यावे किंवा अडचणीत असताना घ्यावे, इथे दोन्ही नाही, असा त्याचा भाव आहे. म्हणजे अन्न नाकारणे हाही धर्म असू शकतो. पण तिथे प्रेम नव्हते म्हणून नाकारणे सोपे होते. प्रेम असताना नाकारायचे कसे, हे कृष्णाने आपल्याला करून दाखवलेले नाही.

बुद्धाच्या भिक्षूंचा नियम या प्रश्नाला उलट उत्तर देतो. भिक्षापात्रात जे पडेल ते घ्यायचे. मांस पडले तरी, ते आपल्यासाठी मारलेले आहे असे पाहिले, ऐकले वा शंका आली नसेल तर घ्यायचे. निवड करणारी जीभ आणि निवड करणारा मी, दोघांनाही तिथे रजा. या नियमात मोठी नम्रता आहे आणि मी तो हलका लेखत नाही. मात्र तो दारोदार फिरणाऱ्या भिक्षूसाठी आहे. आधी जागा राखून, पैसे मोजून गादीवर बसलेल्या माणसाला त्याच्यामागे लपता येणार नाही.

हाच धर्म चीनमार्गे जपानात गेला तेव्हा मठांच्या स्वयंपाकघरातून मांस आणि मासे गेले. तिथल्या शाकाहारी मठान्नाला ‘शोजिन’ म्हणतात. बौद्ध ग्रंथांतल्या ‘वीर्य’ या शब्दाचे, म्हणजे नेटाने आणि उत्साहाने केलेल्या साधनेचे, हे भाषांतर आहे. त्यात कांदा-लसूणही वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्यांना हे ऐकून आपल्या गावचे कोणी भेटल्यासारखे वाटेल. त्यांची दाशी कोम्बु आणि वाळवलेल्या अळंब्यांची असते, मासा नसतो. मठाबाहेर मात्र मासा राहिला. इ. स. ६७५ मध्ये तेन्मू सम्राटाने गाय, घोडा, कुत्रा, माकड, कोंबडी यांचे मांस खायला बंदी केली, तीत मासे नव्हते. त्या देशाच्या मनात मांस आणि मासा हे दोन वेगळे खण फार पूर्वीपासून पडलेले आहेत. आपल्याला हसू येण्याचे कारण नाही. आपल्याच देशात मासा खाणारे ब्राह्मण आहेत, आणि कोकणातल्या माळकऱ्याला रोज शेजारच्या चुलीच्या वासातून पार पडावे लागते. उलट बाजूनेही पाहावे. पारंपरिक शोजिन अन्नात दूध, तूप, दही नसते. मी जर त्यांच्या मठात जाऊन पुरणपोळीवर तूप मागितले असते, तर मान खाली घालून क्षमा मागण्याची पाळी त्यांच्यावर पुन्हा आली असती.

तर मग त्या उपाहारगृहाकडे काही उणे नव्हतेच का? होते, असे मला वाटते, आणि ते दाखवणारा माणूस त्यांच्याच घरात होऊन गेला आहे. दोगेन नावाचे झेन गुरू १२५३ मध्ये गेले, म्हणजे आपल्या माउलींच्या जन्माच्या बावीस वर्षे आधी. १२३७ मध्ये त्यांनी मठाच्या स्वयंपाक्यासाठी एक छोटे पुस्तक लिहिले, ‘तेन्झो क्योकुन’. ध्यान शिकवणारा गुरू तांदूळ कसे धुवावेत यावर लिहितो, त्यातला एक दाणाही वाया जाऊ देऊ नये म्हणतो, हेच मला प्रथम मोठे नवल वाटले. उंची पदार्थ आला म्हणून हरखू नये आणि पालापाचोळ्याची भाजी आली म्हणून हात आखडू नये, असे ते सांगतात. आणि स्वयंपाक्याच्या अंगी जी तीन मने असावीत म्हणतात, त्यांतले एक आनंदाचे, एक विशाल, आणि एक आईबापाचे: एकुलत्या एका लेकराकडे आईबाप जसे पाहतात तसे तांदळाकडे, पाण्याकडे, जेवणाऱ्यांकडे पाहावे. याला आपल्याकडे एकच शब्द पुरतो. माउली.

त्याच पुस्तकात एक प्रसंग आहे. तरुण दोगेन चीनमधल्या मठात शिकत असताना भर दुपारी एक म्हातारा स्वयंपाकी देवळापुढे अळंबी वाळत घालताना त्यांना दिसला. वय अडुसष्ट, पाठ धनुष्यासारखी वाकलेली, हातात काठी, डोक्यावर काही नाही, खालच्या फरशा तापलेल्या. दोगेन यांनी विचारले, हे काम एखाद्या मदतनिसाला का सांगत नाही? म्हातारा म्हणाला की दुसरा म्हणजे मी नव्हे. बरे, पण एवढ्या उन्हात कशाला? तर त्याचे म्हणणे असे की आत्ता नाही तर मग केव्हा. दोगेन गप्प झाले. ती वाळवलेली अळंबीच पुढे मठाच्या साराला चव देणार.

काईसेकी हा शब्दही आज ज्या अक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थ ‘उराशी धरलेला दगड’ असा होतो. भूक मारण्यासाठी साधक गरम दगड पोटाशी धरत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू यांनी चहाच्या विधीला जे वळण दिले, त्यातले जेवण म्हणजे भात, एक सार आणि दोन-तीन साधे पदार्थ, यजमानाने स्वतः वाढलेले. पाहुणा कोण आहे हे ओळखून. त्या रात्रीच्या जेवणात कलाकुसर सगळी होती, हातही कसलेले होते. पण आमच्या येण्याची वर्दी बरेच दिवस आधी पोचूनही एका माणसापुरते कोम्बुचे पाणी बाजूला भिजत घातलेले नव्हते. त्याला खर्च फार येत नाही. कोणीतरी कोणाची तरी आठवण ठेवावी लागते, एवढेच.

हे लिहिताना हात थोडा थबकतो, कारण आठवण ठेवण्याच्या बाबतीत आपल्या पंगतींचा इतिहासही साफ नाही. नामाच्या गजरात सगळे सारखे, पण पान मांडताना वेगळी ओळ, हे आपल्या गावोगाव चालत आले. पंढरीच्या देवळाचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. म्हणून मला नाथमहाराजांची श्राद्धाची गोष्ट नेहमी आठवते. ब्राह्मणांसाठी स्वयंपाक झाला, त्याचा वास रस्त्यावरून जाणाऱ्या अस्पृश्य कुटुंबाला आला, लेकरांच्या तोंडाला पाणी सुटले, आणि नाथांनी तेच अन्न त्यांना वाढले. अन्न आधी शिजले होते, ठरलेल्या लोकांसाठी शिजले होते, तरीही आलेल्या भुकेकडे पाहून बेत फिरला. ‘आता बदलता येणार नाही’ असे त्या घरी कोणी म्हणाले नाही. नाथांनी दुसरा स्वयंपाक करायला लावला आणि त्यानंतरचा गावाचा रोष सोसला.

मुलाकडे पुन्हा येतो. जपानी माणूस जेवण्यापूर्वी हात जोडून एक शब्द म्हणतो, ‘इतादाकिमासु’. त्याचा मूळ भाव मिळालेली वस्तू मस्तकापर्यंत उचलून घेणे. जेवण झाल्यावर दुसरा शब्द, ‘गोचिसोसामा’. त्यातल्या ‘चिसो’चा मूळ अर्थ धावपळ. पाहुण्यासाठी घोड्यावरून इकडेतिकडे धावून साहित्य जमवणाऱ्या यजमानाच्या धावपळीला तो नमस्कार आहे. पदार्थ कसा झाला याचा त्या शब्दात उल्लेखच नाही. हे मला मुलानेच एकदा सांगितले होते. उठताना मी तो शब्द त्या बाईंना म्हटला, आणि मग मुलाकडे वळून त्यालाही म्हटला. तो हसला. पण त्याचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. बापाला जेवू घालण्याची जी भूक असते ती शब्दाने भागत नाही. त्या रात्री पानावरून उपाशी उठला तो माझा मुलगा, आणि त्याच्यासाठी माझ्यापाशी वाढायला काही नव्हते.

दिवे घाटातली एक म्हातारी मला या संदर्भात सारखी आठवते. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते तो दिवस बहुधा एकादशीचा असतो. वर चढण, पोटात उपास. दोन्ही बाजूंना लोक केळी, राजगिऱ्याचे लाडू, खिचडी घेऊन उभे असतात. त्या वर्षी वडकीच्या पुढे एक सात-आठ वर्षांची मुलगी ज्वारीच्या भाकऱ्या घेऊन उभी होती. तिला एकादशीचे कोणी सांगितले नसावे, किंवा घरात तेवढेच असावे. पुढचे वारकरी ‘बाळ, आज एकादशी’ म्हणत डोक्यावर हात ठेवून जात होते आणि मुलीचा चेहरा उतरत चालला होता. आमच्या दिंडीतल्या म्हातारीने भाकरी घेतली, कपाळाला लावली, पदराच्या टोकात गाठ मारून बांधली आणि मुलीला वाकून नमस्कार केला. गाठ घट्ट बसली की नाही ते मुलीने स्वतः ओढून पाहिले.

माझ्या वाडग्यातले सार असे द्वादशीपर्यंत बांधून ठेवण्याजोगे नव्हते. तिची सोय मला नव्हती, हे खरे. दुसऱ्या दिवशी सासवडच्या मुक्कामी सकाळीच तिने गाठ सोडली. शेजारी बसलेल्या मला अर्धी दिली. भाकरी रात्रभरात चांगली कडक झाली होती. आम्ही ती चहात बुडवून खाल्ली.